नाक झिजलेली अन्नपूर्णा

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. शाळेच्या कागदावर बहात्तर, कारण मास्तरांनी अंदाजाने लिहिलं आणि वडिलांनी मान डोलावली. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण इंदूरला सांवेर रोडच्या कारखान्यात, लेथ मशीनवर. आमच्याकडे तिला खराद म्हणतात. चाळीस वर्षं मी खरादीवर लोखंड आणि पितळ गोल केलं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार घरात राहिली नाही, ताठा राहिला, आणि तो वाटणीत सगळा माझ्याकडे आला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी चकित व्हायला नको.

माझी बायको माझ्या एकदम उलट. तिला देव सगळीकडे दिसतो, आणि तोसुद्धा मोठ्या गोष्टींत नाही. कोणाला मुलगा झाला, कोणाची नोकरी लागली, त्यात ती देवाचं नाव फारसं काढत नाही. म्हणते, त्यात माणसाची पण मेहनत असते. तिचा देव बारीक कामात. एकदा सकाळी गॅस संपला. मी चिडलो. ती म्हणाली, "अहो, दूध तापल्यावर संपला. बघा, कोणाचं तरी लक्ष आहे."

"लक्ष असतं तर संपलाच नसता."

"न संपणारा गॅस कोणाच्या घरी आहे? संपायचा तर केव्हा संपायचा, तेवढंच त्याच्या हातात."

अशी ती. शर्टाचं तुटलेलं बटण धुताना खिशातच सापडलं, देवाने ठेवलं. पाहुणे आले आणि दही नेमकं लागलेलं निघालं, देवाने लावलं. मी हसायचो. म्हणायचो, तुझा देव म्हणजे आमच्या कारखान्यातला स्टोअर-कीपर झाला, नट-बोल्ट सांभाळणारा. तिला राग यायचा नाही. "बरोबर," म्हणायची. "स्टोअर-कीपर नसला तर तुमची मशीन चालते का?"

मी स्वतः देवाचं कधी काही केलं नाही. कामावर जाताना दारातूनच हात जोडायचो, जोडे घातलेले असायचे. देवाकडे कधी काही मागितलं नाही, याचाही मला गर्व होता. पूजा तिचीच.

त्या वर्षी थंडी पडायला लागली होती. एका रविवारी सकाळी मागच्या मोरीपाशी तिचा पाय घसरला. डाव्या अंगावर पडली आणि खुबा मोडला. मी धावत गेलो तर जमिनीवर पडल्या पडल्या, चेहरा पांढराफटक, आणि म्हणते काय, "बरं झालं, गॅस बंद करून आले होते. बघा, सुचवलं त्याने."

मला इतका संताप आला. "ज्याने गॅसचं सुचवलं, त्याला पायाखालचं पाणी दिसलं नाही का?"

"भांडण नंतर करू," ती दात दाबून म्हणाली. "आधी रिक्षा आणा."

भंवरकुआंकडच्या एका दवाखान्यात तिला नेलं. मंगळवारी ऑपरेशन झालं. आमची एकच मुलगी, महूला राहते, ती येऊन आईपाशी थांबली. राजेंद्र नगरच्या घरात मी एकटा. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही डबा लावून घ्या, मी पण इथल्या कँटीनचं खाईन." मी म्हटलं, "चाळीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला कुकर चालवता येत नाही का?" आणि रोज मऊ भात, वरण, कधी दुधी असा डबा करून सिटी बसने न्यायला लागलो. बस कोचिंगच्या पोरापोरींनी भरलेली. एखादी मुलगी उठून म्हणायची, "अंकल, बैठ जाइए." मी उभाच राहायचो.

पण आणलेला डबा बायको खाईना. ऑपरेशननंतर तिच्या तोंडाची चवच गेली होती. दोन घास, की मान फिरवायची. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "बाबूजी, हड्डी हमने जोड़ दी है, बाकी काम खाने का है. नहीं खाएँगी तो ताक़त नहीं आएगी, और खड़ी नहीं होंगी तो फिर बिस्तर ही पकड़ लेंगी." या वयात बिछाना धरला की काय होतं ते मी माझ्या आईच्या वेळी पाहिलं होतं. मला दुसरं काही नको होतं. ती जेवावी आणि उभी राहावी, एवढंच.

तिला मात्र वेगळीच काळजी. "देव पारोसे ठेवू नका. पूजा तुम्ही करा."

"करीन."

"आधी कालची फुलं काढायची. मग ताम्हणात आंघोळ. शुक्रवारी अन्नपूर्णेचे तांदूळ बदलायचे, आणि जुने जे असतात ते..."

"समजलं, समजलं. मी काय लहान मूल आहे?"

माझ्या चुकीची सुरुवात तिथे आहे, म्हणून लिहिलं.

आमची अन्नपूर्णा कशी होती ते सांगतो. आमच्यात लग्नात मुलीची आई मुलीला अन्नपूर्णा देते. मुलगी तिला पूजते आणि सासरी घेऊन येते. आमची अंगठ्याच्या पेराएवढी, पितळेची, मांडी घालून बसलेली, हातात पळी. आमच्या देवघरात ती तांदूळ भरलेल्या छोट्या वाटीत बसायची, गळ्यापर्यंत तांदळात. बायकोने एक्कावन्न वर्षं तिला सांभाळलं होतं. दर शुक्रवारी चिंच-मीठ लावून घासायची, आणि म्हणायची, माझ्या आईने मला दोनच गोष्टी दिल्या, ही आणि तुम्ही, आणि ही कधी उलटून बोलली नाही.

मी पूजा करायला लागलो आणि पहिल्याच दिवशी भांडण ओढवून घेतलं. आमच्या गल्लीत सकाळी आठला कचऱ्याची गाडी येते, गाणं वाजवत. गाडीमागे एक बाई असते, चाळिशीची, मोठ्या आवाजाची, डोक्याला फडकं बांधलेली. सगळी गल्ली तिला घाबरते. ओल्यात सुकं दिसलं की नाव घेऊन ओरडते. मी कालची फुलं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ओल्या कचऱ्यात टाकायला गेलो.

"बाबूजी, ये क्या कर रिये हो? भगवान के फूल गीले में नी डालते. अलग थैली में दो."

"फूल में पानी है कि नी?" मी विचारलं.

"है."

"तो गीला हुआ. डाल."

तिने कपाळाला हात लावला. "और ये कागद? कागद सूखे में जाता है. अम्माजी तो कितने अच्छे से अलग-अलग देती थीं!"

"अम्माजी अस्पताल में हैं. अब मैं देता हूँ, और मैं ऐसे ही दूँगा."

समोरचा शेजारी व्हरांड्यातून हसला, "अरे भिया, इनसे मत उलझो, खराद के उस्ताद हैं." मला तेवढं पुरे झालं. तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण दहा माणसांसमोर एकदा म्हटलं की म्हटलं. रोज सकाळी ती ओरडायची, रोज मी तसंच पुडकं हातात द्यायचो, आणि रोज ती ते घ्यायची.

शुक्रवार आला. मला डब्याची घाई होती. देव ताम्हणात घेतले, पाणी घातलं, पुसून जागेवर ठेवले. मग आठवलं, तांदूळ राहिले. वाटीवर कालची दोन मोठी शेवंतीची फुलं होती. ती वाटी मी फुलांसकट कागदावर उलटी केली, पुडकं बांधून गाडीवर दिलं, वाटीत नवे तांदूळ भरले आणि वर ताजं फूल ठेवलं. ताम्हणात किती देव गेले आणि किती बाहेर आले, हे मी मोजलं नाही. कारखान्यात मी चाळीस वर्षांत एक वॉशर हरवू दिला नव्हता.

शनिवारी सकाळी ते फूल उचललं. खाली नुसते तांदूळ.

म्हणजे आदल्या दिवशी मी एका शेवंतीच्या फुलाला उदबत्ती ओवाळली होती.

आधी वाटलं, घरंगळली असेल. देवघर ओढलं, मोरीची जाळी उचलली, केरसुणी खालून फिरवली. जुन्या पेटीतून चुंबक काढलं आणि फरशीवरून फिरवलं. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मला माझ्या नावासारखं पाठ. तरी फिरवलं. गाडी आली, गेली. त्या दिवशी गाडीमागे दुसरीच बाई होती, पण माझं लक्ष घरात.

डबा घेऊन दवाखान्यात गेलो. बायकोने पहिला प्रश्न केला, "काल अन्नपूर्णेचे तांदूळ बदलले?"

"हो."

"जुने भातात घातले ना? कधी टाकायचे नसतात ते. घरच्या तांदळात मिसळायचे आणि शिजवायचे."

जुने तांदूळ कुठे गेले ते मला ठाऊक होतं, आणि त्यांच्याबरोबर कोण गेलं तेही त्या क्षणी कळलं.

"हो, हो. घातले," मी म्हणालो.

"मग आजच्या डब्यात तेच असतील." तिने हात पुढे केला. "द्या."

आणि ती जेवली. भात गिचका झाला होता, वरणात मीठ कमी होतं, पण तिने वाटीचा तळ बोटाने पुसून घेतला. मुलगी माझ्याकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती. "बाबा, काय जादू केली?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. माझ्या खोट्यावर ती जेवत होती. खरं सांगितलं तर अन्नपूर्णा गेल्याच्या दुःखाने हात आखडणार. न सांगावं तर घरी आल्यावर पहिली नजर देवघरात जाणार. मी कसा अडकलो ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

आमच्या इंदूरचा कचरा कुठे जातो, कसा निवडतात, हे आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. मीही सांगायचो. आता डोळ्यासमोर त्या कचऱ्याचा डोंगर यायचा, आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढं पितळ.

रविवारीही गाडीमागे दुसरीच बाई. मी गाडीपाशी जाऊन डब्यांत डोकावलो. ती म्हणाली, "क्या देख रिये हो, बाबूजी?"

"वो रोजवाली कहाँ है?"

"मायके गई है. मंगल को आएगी. कुछ काम था क्या?"

"नहीं," मी म्हणालो आणि घरात आलो. मी माझ्या घरचा देव कचऱ्यात टाकला, हे परक्या बाईला कसं सांगू?

सोमवारी सकाळीच बर्तन बाजार गाठला. दुकानदाराने काचेवर पंधरा-वीस अन्नपूर्णा मांडल्या. "भिया, कौन सी दूँ? सब एक से एक है." सगळ्या झकझकीत, सगळ्यांची नाकं टोकदार, डोळे कोरलेले. मी एकेक हातात घेऊन बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की यातली एकही चालणार नाही. आमच्या अन्नपूर्णेला नाक नव्हतंच. नाकाच्या जागी नुसता गोल उंचवटा. डोळे पुसट. पळीचा दांडा एका बाजूने इतका पातळ झालेला की उजेडात धरला तर धारेसारखा चमके. इतकी वर्षं घरात होती आणि मी तिला नीट पाहिलं ते ती गेल्यावर, दुसऱ्याच्या दुकानात.

तरी एक घेतली. का, तर मनात एक डाव होता. झिजवणं हे तर माझं कामच.

घरी येऊन जुन्या पेटीतून झिरो नंबरचा पॉलिश पेपर काढला, बारीक कानस काढली, चष्मा लावला आणि बसलो. तासाभरात नाक गेलं. पण जे झालं ते बघून मला माझीच लाज वाटली. पेपरने घासलेलं नाक चपटं झालं, जसं कोणी भिंतीवर आपटलं. कानशीने पळीचा दांडा पातळ केला तर त्याला कोपरे आले. मी पुन्हा गोल करायला गेलो, तर गाल उतरला. मी, ज्याच्या हातच्या कामाला सांवेर रोडवर लोक मोजल्याशिवाय घेऊन जायचे!

मग हात थांबवून विचार केला, की ती खरी कशी झिजली असेल. कारागिराला झीज वाचता येते. शाफ्ट एका बाजूने झिजला असेल तर मी सांगू शकतो की बेअरिंग कुठे तिरकं बसलंय. तशी मी ती मूर्ती आठवून वाचली. बायको तिला डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, म्हणून पाठीवर दोन खळगे होते, तिच्या बोटांच्या मापाचे. उजव्या अंगठ्याने चिंच लावायची, कपाळावरून खाली, म्हणून नाक गोल उतरलं होतं, कोपरा न पडता. अंगठा मऊ असतो. तो जेवढं झिजवतो तेवढंच स्वतः झिजतो. म्हणून तर गोलाई येते. ती माझ्या पेपराने आणि कानशीने येणार नव्हती, नवी खराद आणली असती तरी नाही. त्याला एक्कावन्न वर्षांचे शुक्रवार लागतात. त्यात तिला ताप असलेले शुक्रवार, माझ्या कारखान्याला टाळं लागलं होतं तेव्हाचे शुक्रवार, तिची आई गेली त्या आठवड्यातला शुक्रवार. एकही सुटला असेल असं मला आठवत नाही. आणि मी दारातून जोडे घालून हात जोडत होतो आणि समजत होतो की घर माझ्या मशीनवर चाललंय.

मशीन तेलावर चालते. तेल दिसत नाही. दिसायला लागलं की समजायचं, कुठेतरी गळतंय. त्या दुपारी मला तेल दिसलं. बायको ज्याला 'त्याचं लक्ष' म्हणते ते असंच काही असावं, असं मला पहिल्यांदा वाटलं. मी ठामपणे सांगत नाही. वाटलं, एवढंच लिहितो. आणि आयुष्यात पहिल्यांदा देवघरासमोर जमिनीवर बसून मागणी केली. मोठं काही मागितलं नाही. म्हटलं, बाबा, तू नट-बोल्ट सांभाळतोस ना, तर माझा एक हरवलाय.

मंगळवारी गाडीचं गाणं ऐकू आलं तसा मी फाटकापाशी गेलो. रोजवाली बाई आली होती. पुडकं माझ्या हातातच राहिलं. तिनेच कमरेवर हात ठेवले.

"बाबूजी, आपके घर से कुछ गुमा है क्या?"

आता बघा माझा ताठा. जीव त्या मूर्तीत अडकलेला, आणि मी म्हणालो, "क्यों?"

"क्यों-व्यों नी. गुमा है तो बताओ क्या गुमा है. सही बताओगे तो मिलेगा."

समोरचा शेजारी व्हरांड्यात होताच. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मेरी घरवाली की अन्नपूर्णा. मैंने कचरे में डाल दी. इत्ती सी है, पीतल की. नाक घिस गई है, और पीठ पे दो गड्ढे हैं उँगलियों के."

ती हसली. पदराची गाठ सोडली. आत स्वच्छ फडक्यात, दोन-चार तांदळाचे दाणे चिकटलेली, आमची अन्नपूर्णा.

मी हातात घेतली. पाठीच्या खळग्यांत माझी बोटं ठेवून पाहिली. मोठी पडली.

"कैसे मिली?"

"कैसे क्या! आप रोज कागद में लपेट के देते थे न? कागद सूखे का, फूल भगवान के. आप अलग नी करते थे तो मैं करती थी. गाड़ी पे बैठ के रोज आपकी पुड़िया खोलती थी. शुक्कर को खोली तो ये चावल में बैठी थीं. तब तक गाड़ी आगे निकल गई थी, और शनिचर को मुझे मायके जाना था."

"दूसरीवाली के हाथ भेज देती."

"और गुम जाती तो? मैं तो घर में चावल के डिब्बे में बिठा के गई. चावल में से निकली थीं, चावल में ही रख दी."

"और वो चावल?"

"वो हमारे घर के चावल में मिला के पका लिए. अम्माजी ने ही बताया था एक बार, फेंकते नहीं."

मी जे शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं, ते तिने फाटकापाशी उभं राहून केव्हाच ऐकून घेतलं होतं. इतके दिवस मी अडून बसलो, आणि माझ्या अडण्याचं ओझं ही बाई रोज दोन हातांनी उलगडत होती, ओरडत ओरडत का होईना. तिनेही माझ्यासारखं अडून पुडकं तसंच ओल्या कचऱ्यात जाऊ दिलं असतं, तर अन्नपूर्णा गेलीच असती. माणसापुढे हात जोडायला मला कधी जमत नाही. तेव्हा जमलं. ती म्हणाली, "अरे बाबूजी, रैने दो," आणि गाडी पुढे गेली.

त्या दिवशी डब्याबरोबर अन्नपूर्णाही खिशात घेतली. बसमध्ये एक मुलगी उठली तर मी बसलो. खिशावर हात ठेवून बसलो.

बायको आधी जेवली. मग मी मूर्ती तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं, पुडक्यापासून चपट्या नाकापर्यंत. मुलगी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. बायको मूर्तीच्या नाकावरून अंगठा फिरवत होती.

"मला माहीत होतं तुम्ही खोटं बोलताय," ती म्हणाली.

"कसं?"

"खरं असलं की तुम्ही एकदाच हो म्हणता. त्या दिवशी दोनदा म्हणालात."

"मग जेवलीस कशी?"

"जन्मात कधी भाताचं भांडं न उचललेला माणूस गिचका भात घेऊन बसने आला, आणि वर खोटं बोलून भरवतोय. म्हटलं, काहीतरी मोठं घडलेलं दिसतंय. त्याला नाही कसं म्हणायचं? आणि अन्नपूर्णा नसती तर मला कोणी जेवायला घातलं असतं का?" मग मूर्तीला म्हणाली, "तू बरी आहेस. मी इथे पडले, आणि तू तीन-चार दिवस माहेरपण करून आलीस."

मी म्हटलं, "आता म्हणशील, देवाचं लक्ष होतं."

"मी कुठे काही म्हटलं?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हणताय."

मुलगी हसायला लागली. संध्याकाळी तिला वॉकर देऊन उभं केलं. चार पावलं चालली. मी पुढे उलटा चालत होतो, हात पसरून, लहान मुलापुढे चालतात तसा. परत झोपवल्यावर तिने विचारलं, "त्या नवीचं काय केलंत? नाक कापलेलीचं?"

"पेटीत टाकली."

"ती द्या त्या बाईला. तिच्या तांदळाच्या डब्यात चार दिवस देव बसला होता, आता रिकामा करून आणलात ना? आईनेच द्यायची असते अन्नपूर्णा. माझ्या नावाने द्या."

"अगं, पण ती मी बिघडवलीय. नाक चपटं झालंय."

"होईल गोल. तिच्याही घरी शुक्रवार येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देव ताम्हणात घातले ते मोजून, आणि बाहेर काढले ते मोजून. फुलं वेगळ्या थैलीत भरली. नव्या अन्नपूर्णेला वाटीत तांदळात बसवलं, वर शेवंती ठेवली आणि गाडीच्या आधीच फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. बाई आली. थैली घेतली, उघडून बघितली, "आज सूरज किधर से निकला," म्हणाली. मग मी वाटी पुढे केली आणि अम्माजींचा निरोप सांगितला. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, वाटी घेतली. फूल उचलून आत पाहिलं.

"बाबूजी, इनकी नाक किसने काटी?"

"मैंने," मी म्हणालो, आणि समोरच्या शेजाऱ्याकडे न बघता आत गेलो. कुकर लावायचा होता.